एलोजीची सिसीथ

एलोजी माझ्या बाबांपेक्षा चांगलाच उजळ होता, तरी आमच्यात त्याला काळा इस्रायल म्हणत आणि स्वतःला गोरे. त्याची आजी आमच्या जातीबाहेरची, एवढाच त्याचा गुन्हा. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोकांनी आमच्या वाडवडलांना शनवार तेली ठरवून बाजूला बसवलं होतं. पण आपल्याखाली कुणीतरी असावं ही हौस आम्हालाही होतीच.

प्रार्थना शाहूपुरीतल्या आमच्या घरी व्हायची. बाबा दरबारचे ओव्हरसियर, म्हणून म्होरके तेच. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि कोल्हापुरात आमचे होते नऊ. दहावा एलोजी, गिरणीतला फिटर. तो आल्याशिवाय पोथी उघडत नसे. मात्र त्यानं बसायचं दाराशी. आणि सिसीथ, म्हणजे चार कोपऱ्यांना गोंडे असलेली प्रार्थनेची शाल, बाकीचे नऊ जण पांघरायचे, त्यानं नाही.

एका वर्षी तो मुंबईला जाऊन सिसीथ घेऊन आला. आधी मला दाखवली. पांढरी लोकर, काळे पट्टे.

"दुकानदार रेशमी घ्या म्हणत हुता, बाळाबाई. म्या लोकरीचीच घेतली. खांद्यावर पडली की कळाय पायजे. यंदा दारफाळणीला पांघरनार."

दारफाळणी हा आमचा उपासाचा मोठा सण. दारं लावून दिवसभर प्रार्थना करायची. त्याच साली विहिरी, शाळा, दवाखान्यांत शिवाशिव पाळायची नाही असा महाराजांचा हुकूम निघाला होता. बाबा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत आणि वर म्हणत, "राजा असावा तर असा!"

सणाच्या सकाळी एलोजीनं पांढऱ्या कपड्यांवर सिसीथ उलगडली. डोक्यावरून घेणार तोच बाबांनी कोपरा धरला.

"घडी घाल, एलोजी. गोऱ्यांच्या बरोबरीनं हे आजवर झालेलं नाही."

"मग म्या जातो, साहेब."

"तू गेलास तर नऊच उरतील. आजच्या दिवशी सगळ्यांची प्रार्थना मोडशील?"

एलोजी उभाच राहिला. मग त्यानं हळूहळू घडी घातली आणि सिसीथ मांडीवर घेऊन दाराशी बसला. मला बाबांची चीड आली आणि त्याहून जास्त एलोजीची. निघून का गेला नाही हा माणूस? पुढच्या वर्षीही तो तसाच आला आणि मांडीवर घडी घेऊन बसला.

त्यानंतर काही महिन्यांतच तो तापानं गेला. त्याला घरचं कुणी नव्हतं, म्हणून अंत्यविधी आमच्या अंगणातून झाला. बाबांनी स्वतःच्या हातानं त्याला सिसीथ पांघरली आणि मेलेल्या माणसासाठी रीत असते तसा तिचा एक गोंडा कापला. मग कद्दीश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणायला उभे राहिले. तिलाही दहा पुरुष लागतात. बाबांनी मोजलं. नऊच होते.

गिरणीतला त्याचा सोबती लालासाब पुढं झाला. "साहेब, म्या हुबा ऱ्हातो की. धा हुतील."

"तसं चालत नाही."

"मग ह्यो कसा चालत हुता?"

बाबांनी बोट दाखवत पुन्हा मोजायला सुरुवात केली. नऊ झाले. सवयीनं बोट दाराकडं गेलं आणि तिथून खाली, सिसीथ पांघरलेल्या एलोजीवर येऊन थांबलं.

कद्दीश न म्हणताच त्याला उचललं.