शंभर मिलिमीटरची रेघ

बोळिंजला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे एक पन्नाशीचे गृहस्थ विमानाच्या कॉकपिटचे नकाशे छापून न्यायचे. फ्लॅटच्या बेडरूममध्ये ते प्लायवूडचं हुबेहूब कॉकपिट बांधत होते. त्यात बसून त्यांना कॉम्प्युटरवरचं विमान उडवायचं होतं. छपाई बरोबर मापात आली का ते पडताळायला प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात शंभर मिलिमीटरची एक रेघ असे. खिशातल्या स्टीलच्या पट्टीने ती मोजून मगच ते कागदाची गुंडाळी करायचे.

एकदा काउंटरवर गर्दी होती. मी म्हणालो, "साहेब, रोज काय मोजता? भरवसा नाही का आमच्यावर?" ते ओशाळले आणि पट्टी परत खिशात गेली.

दोन महिन्यांनी ते आले. "पॅनलची सगळी भोकं लहान पडली हो. वेगाचा, उंचीचा, एकही मीटर बसत नाही."

मला लगेच आठवलं. त्या दिवशी नकाशा कागदावर मावेना, म्हणून मीच 'फिट टू पेज' दाबून तो थोडा लहान केला होता. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "मशीन कशाला चुकेल? माझाच हात वाकडा. बायको म्हणतेच!" ते हसले. मीही हसलो.

नवा नकाशा मी बरोबर मापात काढून दिला. त्यांनी तो मोजला नाही. गुंडाळी करत म्हणाले, "आता सुताराकडूनच कापून घेतो."

दुकानाच्या तीन पायऱ्या ते सावकाश उतरले. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं.