दप्तरी दाखल

अंथुर्ण्यात मुनिरा सय्यदला सगळे ओळखतात ते तिच्या शिलाईमुळं. बायका म्हणतात, मुनिराला माप सांगावं लागत नाही, ती नुसतं बघते. सातवीपर्यंत शिकलेली, मोजकं बोलणारी. नवरा अमजद टेम्पोनं गावातली भाजी बारामतीच्या बाजारात पोचवतो. त्यांची मुलगी हीना. आणि आई वारल्यापासून मुनिराचा भाऊ इरफान त्यांच्याकडंच राहायला होता.

इरफान चौतीस वर्षांचा होता, पण लहानपणी ताप डोक्यात गेला आणि समज सहा वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. कुणी नाव विचारलं तर सांगायचा. गावाचं नाव विचारलं तर हसायचा. त्याला टेम्पोत पुढं बसायला आवडायचं, म्हणून अमजद आठवड्यातून एकदा त्याला बरोबर न्यायचा.

२०२२च्या जानेवारीत, एका गुरुवारी, अमजद बाजारात मेथीच्या जुड्या उतरवून परत आला तेव्हा टेम्पोचं दार उघडं होतं आणि इरफान जागेवर नव्हता. संध्याकाळपर्यंत अमजदनं बाजार, एसटी स्टँड, मशीद, कालव्याचा पूल सगळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी गावातली आठ-दहा माणसं दुचाक्या घेऊन शोधायला गेली. तिसऱ्या दिवशी मुनिरा बोरमळ्याच्या पोलिस चौकीत गेली.

"मोठा माणूस हाय. गेला आसंल कुठं तरी, यील चार दिवसांत," तिथला हवालदार म्हणाला. "अर्ज देऊन जावा."

मुनिरानं अर्ज लिहिला. सोबत इरफानचा फोटो जोडला. त्याचा एकट्याचा असा तो एकच फोटो होता, आधारकार्डाच्या वेळी काढलेला. हवालदारानं तिच्या प्रतीवर शिक्का मारला, त्यात आवक क्रमांक लिहिला आणि प्रत परत दिली. शिक्का बसला, म्हणजे काम सुरू झालं असं तिला वाटलं.

दोन महिन्यांनी टपालानं पत्र आलं. चार ओळींचं. शेवटची ओळ अशी होती: 'आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.'

हीना तेव्हा नववीत होती. तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "अम्मी, दाखल झालाय आपला अर्ज."

शाळेत नाव दाखल होतं. दवाखान्यात माणूस दाखल होतो. दाखल म्हणजे आत घेतलं, आता त्यांची जबाबदारी. मुनिरानं पत्राला प्लास्टिकचं पाकीट घातलं आणि ते कपाटात, कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवलं. मध्येच कधी काळजी दाटून आली की ती चौकीत जायची. "तुमाला पत्र पाठवलंय न्हवं?" एवढंच तिथं कुणीतरी विचारायचं. ती व्हय म्हणायची आणि परत यायची. शेजारपाजाऱ्यांनी विचारलं तर सांगायची, "अर्ज दाखल झालाय. त्यांचा तपास चाललाय."

अशी अडीच वर्षं गेली.

२०२४च्या ऑगस्टमध्ये साखरबाई नावाच्या गिऱ्हाइकिणीचा ब्लाऊज न्यायला तिचा भाऊ आला. मोहनराव. राहणार कन्हेरीचे, बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते, त्यातली शेवटची अकरा अभिलेख कक्षात, म्हणजे जुनी दप्तरं ठेवतात त्या खोलीत. हे साखरबाईकडून मुनिराला आधीच कळलं होतं. ब्लाऊजाची घडी त्यांच्या हातात देताना तिनं विचारलं, "तात्या, एक सरकारी कागद बघता का? पुढं काय झालं ते कुणाला इचारायचं, तेवढं सांगा."

मोहनरावांनी चष्मा लावला. पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. वरची तारीख बघितली.

"हे तुमी कुणाला दाखवलं न्हाय?"

"सगळ्यांना दाखवलं. दाखल झालंय म्हणून."

ते खाली बसले. त्यांना ते सांगणं जड गेलं असावं, कारण आधी त्यांनी पाणी मागितलं. "मुनिरा," ते म्हणाले, "दप्तरी दाखल म्हंजे कारवाई संपली. कागद बांधून फळीवर ठिवला. हे पत्र आलं त्या दिवशीच तुझा अर्ज बंद झाला होता."

"मंग तपास?"

"तपास न्हाय. हारवलेल्या माणसाची नोंद येगळ्या रजिस्टरात करत्यात, मंग सगळ्या ठाण्यांना कळवत्यात. तुझा नुसता अर्ज घेतला. नोंद केलीच न्हाय."

मुनिरा रडली नाही. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही होती, ती तिनं काढली, उसवली, पुन्हा लावली, परत उसवली. मग एकदम म्हणाली, "मी त्याला अडीच वर्षं शोधलंच न्हाय, तात्या. कागदावर इसंबून ऱ्हायले."

मोहनराव ब्लाऊज तिथंच विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ते परत आले, माहिती अधिकाराचा अर्ज लिहूनच. तिला म्हणाले, "ती ओळ मी नोकरीत किती येळा लिवली आसंल, मोजदाद न्हाय. वाचणाऱ्याला काय कळत आसंल, हे कधी मनात आलं न्हाय. सही कर."

उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. 'सदर अर्ज ड वर्गातील असल्याने विहित मुदतीनंतर नष्ट करण्यात आला आहे.' सोबत आवक नोंदवहीतल्या एका ओळीची झेरॉक्स.

"ड वर्ग म्हंजे?"

"कागदांच्या चार जाती असत्यात. अ कायमचा. ब तीस वर्षांचा. क दहाचा. ड वर्षभर ठिवायचा आन फाडायचा."

"त्यात फोटो होता."



त्या आठवड्यात मुनिरानं शिलाई घेतली नाही. अमजद घरात बोलेनासा झाला. टेम्पोचं दार आपणच उघडं टाकलं, हे त्याच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. जेवायला बसली की दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत. हीनानं ते पत्र एकदा हातात घेतलं आणि म्हणाली, "मीच चुकीचं वाचलं." मुनिरा तिच्यावर पहिल्यांदाच ओरडली, "तू बराबर वाचलं. त्यांनी तसं लिवलं."

मोहनराव मात्र स्वस्थ बसले नाहीत. अर्ज फाडता येतो, पण मेलेल्या माणसाची नोंद फाडता येत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. ही गोष्ट मुनिराला सांगायला त्यांनी चार दिवस घेतले. "वंगाळ बोलतोय," ते म्हणाले. "पण अनोळखी मयतांच्या नोंदी बघाया पायजेत. तो जित्ता आसंल तर त्यात सापडणार न्हाय, तेवढं तरी कळंल."

तिनं मशीन झाकून ठेवलं. मग बुरखा घेतला आणि निघाली.

दोन ठिकाणी काही मिळालं नाही. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर तिला हायसं वाटलं आणि तसं वाटल्याचा रागही आला. तिसरी चौकी इंदापूरच्या पलीकडं महामार्गावर, तरटे फाट्याला होती. तिथं प्रगती नावाची हवालदार होती. तिनं खुर्ची दिली, तारीख विचारली आणि रजिस्टर काढून पानं उलटायला लागली.

इरफान गेला त्याच्या अकराव्या दिवसाची नोंद होती. पुरुष, वय अंदाजे पस्तीस, वाहनाची धडक. प्रगतीनं पंचनाम्याची प्रत शोधून काढली आणि सावकाश वाचू लागली. अंगावर चौकडीचा शर्ट. शर्टाच्या खिशाच्या आत बटण असलेला दुसरा लहान खिसा, हाताने शिवलेला.

मुनिरानं हात वर केला, पुढं वाचू नका म्हणून. इरफान वाकला की खिशातलं सगळं सांडायचं. म्हणून त्याच्या प्रत्येक शर्टाला तसा आतला खिसा तीच लावायची. दुसरं कुणी लावत नव्हतं.

"आकरा दिवस," ती मोहनरावांकडं बघून म्हणाली. "मी तिसऱ्या दिवशी अर्ज दिला. तवा तो जित्ता होता. आठ दिवस तो रस्त्यानं चालत होता आन माझा कागद बोरमळ्यात पडून होता."

प्रगतीनं रजिस्टर मिटलं नाही, तसंच उघडं ठेवलं.

कपडे मुदत संपल्यावर नष्ट केले होते. पण शवविच्छेदनाच्या वेळी तपासणीसाठी काढलेला नमुना जपून ठेवलेला होता. त्याच्याशी जुळवून बघायला मुनिरानं रक्त दिलं. अहवाल यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत ती अर्धी झाली. तो खिसा दुसऱ्या कुणी शिवला असेल, इरफान कुठल्या तरी आश्रमात जेवत असेल, असं ती एक दिवस म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावानं फातेहा, मयतासाठीची दुआ, वाचा म्हणून अमजदच्या मागं लागायची. घरातल्यांना दोन्ही ऐकवत नव्हतं.

अहवाल जुळला.

मग मृत्यूच्या नोंदीत नाव घालायचं राहिलं. तिथं 'अनोळखी पुरुष' लिहिलेलं होतं. मुनिराला ते शब्द खोडून हवे होते. मूळ नोंद खोडता येत नाही, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. दुरुस्ती शेऱ्याच्या रकान्यात करायची. ती काउंटरवरून हलेना. म्हणाली, "तो अनोळखी न्हवता. त्याला बहीण होती." कारकून तरुण होता, गोंधळला. शेवटी मोहनरावांनीच तिला समजावलं. शेऱ्यात लाल शाईनं लिहिलं गेलं: इरफान गुलाब सय्यद, रा. अंथुर्णे. तिनं तीन वेळा वाचलं, एकेक अक्षर, आणि एक उकार चुकला होता तो दाखवून दिला.

बोरमळ्याच्या चौकीविरुद्ध तिनं तक्रार केली आहे. तिची पोच मिळाली आहे. त्यापुढं अजून काही आलेलं नाही.

बेवारस मयत पुरतात त्या मैदानात ती आणि अमजद एका शुक्रवारी दुपारी गेली. राखणदार जुना माणूस होता, पण त्या वर्षीच्या जागांचा नकाशा कुणी ठेवलेला नव्हता. "या अंगाला हायत त्या सालातली," तो हात लांब करून म्हणाला. बाभळीच्या काटक्या पडल्या होत्या, दगड नव्हता, पाटी नव्हती. किती जणं होती तेही त्याला सांगता येईना.

अमजदनं चपला काढल्या. कुठं उभं राहायचं ते त्याला कळेना, तो इकडून तिकडं दोनदा फिरला. मुनिरानं त्याच्या बाहीला धरून थांबवलं. मग दोघांनी हात उचलले आणि त्या सगळ्या बाजूसाठीच फातेहा वाचला.