तिचा गुडघा

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात मी गोलकीपर होते. गोलकीपरला सगळं मैदान दिसतं, पण पलीकडच्या टोकाला काही झालं तर तिथं पटकन जाता येत नाही. आमची फॉरवर्ड पडली तेव्हा मी अशीच लांबून बघत होते.

ती माझी मैत्रीण. बिडकीनहून एसटीनं यायची. शाळेत मुलांमध्ये खेळून शिकलेली. पायात असा वेग की आमचे सर म्हणायचे, "हिला बॉल द्या अन् बाजूला व्हा."

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल होती. मुरमाचं टणक ग्राउंड. तिनं समोरच्या दोघींना चकवलं, वळायला उजवा पाय रोवला आणि कुणाचा धक्का न लागता मटकन खाली बसली. रेफ्रीला वाटलं, घसरली. त्यानं खेळ चालू ठेवला. बॉल माझ्याकडे आला. तो कसाबसा बाहेर मारला, तेव्हा कुठं शिट्टी वाजली आणि मी पळत सुटले.

ती गुडघा दोन्ही हातांनी धरून बसली होती. रडत नव्हती. "आत कायतरी तुटल्यावानी आवाज झाला गं," एवढंच म्हणाली.

लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "चालायला अडचण नाही. पण खेळायचं असेल, तर ऑपरेशन करावं लागेल." तिचे वडील त्या 'असेल तर'वरच थांबले.

सर आणि मी बिडकीनला तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी आदरानं बसवलं, आईनं चहा-पोहे दिले. विद्यापीठाच्या संघासाठी तिचं नाव पुढं होतं, ते सरांनी नीट समजावून सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, पोरगी चालती ना?"

"चालते हो, पण..."

"मग कशाला चिरफाड? उद्या काय वाकडं झालं तर तिला जन्मभर निस्तरावं लागंल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. तरी म्हणाले, "काका, तिला खेळायचंय."

"मला म्हाईत नाय का, बाळा? पहिला बॉल मीच आणून दिलाय तिला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. ती तिथं भिंतीला धरून उभी होती. मला वाटलं, आता ही बोलेल. एकदा तरी म्हणेल, मला करायचंय ऑपरेशन.

ती म्हणाली, "चहा निवतोय, सर."

पुढं मी विद्यापीठाच्या संघात गेले. गावोगावच्या मैदानांवरून तिला फोटो पाठवायचे. प्रत्येक फोटोला तिचा अंगठा लगेच यायचा, इतका लगेच की मला ते सहन होईना. मी फोटो पाठवणं बंद केलं. तिनंही कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. साड्या घ्यायला आम्ही दोघी औरंगपुऱ्यात गेलो. रिक्षातून उतरताना तिचा गुडघा एकाएकी सरकला. मी दंड धरला म्हणून वाचली.

"क्या हुआ बेटा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"कुछ नहीं चाचा, पुरानी चोट है."

ती दुकानाच्या पायरीवर बसून गुडघा दाबत राहिली. गर्दीचा धक्का लागू नये म्हणून मी तिच्यापुढं उभी राहिले.

"सासरी सांगितलंस का?" मी विचारलं.

"काय सांगू? गुडघा सांगायचा तर आधी फुटबॉल सांगावा लागंल."

"मग सांग ना."

ती हसली. "लई लांबतं गं ते."

थोड्या वेळानं ती उठली, पाय हलवून पाहिला आणि दुकानात शिरली. मीही पिशव्या घेऊन आत गेले. दुकानदारानं साड्या उलगडायला सुरुवात केली होती, आणि ती मला विचारत होती, "हिरवी बरी का निळी?"