ताणावरची बाग

मैनाबाई नागपूरला आमच्या मानेवाड्याच्या घरी, मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली ती शहाण्णव साली. सोबत चार वर्षांची चारुशीला आणि एक ट्रंक. खोली पाहून झाल्यावर तिने मला एकच प्रश्न विचारला.

"ह्या दाराले एकच कडी काहून?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दुसरी कडी आणून ठोकून घेतली.

त्याच वर्षी मे महिन्यात तिचा नवरा शालिकराम शेतातल्या विहिरीत सापडला होता. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. पाय घसरून पडला, असा कागद झाला आणि चौकशी संपली. मैनाबाईला ते कधीच पटलं नाही. "विहीर त्याइनं सोता खोदली. डोळे मिटून त्या पायऱ्या उतरत. पडन कसा असा माणूस?" असं ती म्हणायची.

इथे ती मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. हाताला चव होती, पण स्वभाव असा की दूधवाल्याने दूध ओतलं की त्याला थांबवून त्याच्यासमोर उकळून पाहायची. मंगळवारी माझ्याबरोबर भजनाला यायची. आरतीच्या वेळी आम्ही सगळ्या डोळे मिटून उभ्या, आणि ही एकेकीचं तोंड पाहत उभी. मी एकदा म्हटलं, "अगं, देवाकडे पाहावं."

"देवावर माह्या संशय नाही ताई," ती म्हणाली.

संशय होता तो दिरावर. संजीव हा शालिकरामचा धाकटा भाऊ. घटनेच्या आठ दिवस आधी दोघा भावांचं वाटणीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या सकाळी आपण काटोलच्या बाजारात होतो असं संजीव म्हणत होता, पण त्याला तिथे पाहिलेलं कोणी सांगत नव्हतं. दर दिवाळीला तो संत्र्यांची पिशवी घेऊन यायचा. मैनाबाई फाटकातूनच म्हणायची, "भाऊजी, पिशवी तिथंच ठेवा." तो ठेवायचा, थोडा वेळ पुतणीची वाट पाहत रस्त्यावर उभा राहायचा, आणि जायचा. ती संत्री गल्लीतली गाय खायची.

वामनराव आले की मात्र खुर्ची बाहेर निघायची. वामनराव शालिकरामचे धुऱ्याचे, म्हणजे बांधाला बांध लागलेले, शेजारी. दोघांची विहीर एक, मोटरी दोन. प्रेत त्यांनीच दोर लावून वर काढलं, पोलिसांशी तेच बोलले, आणि तेराव्यानंतर "पोरगी घेऊन नागपूरले जा वहिनी, इथं संजीवचं काही खरं नाही," हा सल्लाही त्यांचाच. बागही तेच मक्त्याने करत. मैनाबाई त्यांच्या पाया पडायची. मीसुद्धा त्यांना दोनदा जेवायला वाढलं आहे. सज्जन माणूस वाटला मला, खोटं कशाला सांगू.

दर मे महिन्यात ती रजा काढून गावच्या ठाण्यात अर्ज द्यायला जायची. 'माझ्या पतीच्या मृत्यूची पुन्हा चौकशी व्हावी.' साहेब बदलायचे, उत्तर तेच. एकाने तर विचारलं, "बाई, तुमाले दुसरा धंदा नाही का?"

"हाय ना. शंभर पोरींच्या पोळ्या लाटतो. हे सुट्टीतलं काम आहे," ती म्हणाली.

चारुशीला मोठी झाली, सेतू केंद्रात कामाला लागली. लोकांचे दाखले, उतारे, अर्ज भरता भरता तिला सरकारी कागद कुठून कुठे जातो ते कळू लागलं. तिने माहितीच्या अधिकारात बापाच्या प्रकरणाची नक्कल मागितली. ठाण्यातून उत्तर आलं की मुदत संपल्याने कागद नष्ट केले. मैनाबाई त्या रात्री जेवली नाही. पण चारुशीला म्हणाली, "आई, असा मेलेल्या माणसाचा कागद तहसीललेही जाते. तिथं मागून पाहू." दोन अपिलं झाली. दोन हजार एकोणीसच्या श्रावणात पाकीट आलं. अकरा पानं.

माझ्या ओट्यावर बसून चारुशीला वाचत होती. मैनाबाई मेथी निवडत होती. पंचनामा झाला, डोक्याच्या मागच्या बाजूच्या जखमेचं झालं, मग एक जबाब आला.

"'सदर मयत हा सकाळी सहाचे सुमारास मोटर सुरू करून संत्र्याचे बागेस पाणी देण्याकरिता विहिरीवर गेला असता...'"

"पुन्हा वाच," मैनाबाई म्हणाली.

चारुशीलाने पुन्हा वाचलं.

"तारीख कोणती?"

"अठरा मे."

मैनाबाईच्या हातातली काडी तशीच राहिली. "मे महिन्यात पाणी काहून देतीन वं ते? बाग ताणावर होती."

आम्हा दोघींना काही कळलं नाही. चारुशीला शहरात वाढली, आणि मला संत्रं सोलण्यापलीकडे काही माहीत नाही. मग मैनाबाईने सांगितलं. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर मेमध्ये संत्र्याच्या झाडाला महिना-सव्वा महिना पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, बघवत नाही. त्यालाच ताण म्हणतात. मग मृगाचं पाणी पडलं की झाड फुलांनी भरून जातं. मध्येच कोणी पाणी दिलं तर ताण मोडतो आणि वर्षाचं पीक जातं. त्या दिवसांत शालिकराम मोटर सुरू करायला जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने बाग बुडवणं.

"लिहून घेणाऱ्या साहेबाले कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"भंडाऱ्याकडचे होते साहेब. धानाचा मुलूख. तिकडं पाणी देणं म्हणजे चांगलंच काम." मग तिने हळूच विचारलं, "जबाब कोणाचा हाय?"

चारुशीलाने पान उलटलं. वामनरावांचा. खाली त्यांची सही, आणि साक्षीदार म्हणून त्यांच्या शेतावरच्या सालदाराचा, धोंडबाचा, अंगठा.

"घाईत बोलून गेले असतील," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच ओट्यावर परकं वाटलं. "तुमी काहून त्याची बाजू घेऊन राहिल्या?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाणी भरायलाही मी आत गेल्यावरच बाहेर यायची.

तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बसली. ह्या दोन दिवसांत तिने तो सगळा आठवडा आठवून काढला होता. वामनरावाची बाग आंबिया बहाराची, तिला उन्हाळ्यात पाणी लागे. त्याचा पाण्याचा पाट ह्यांच्या धुऱ्यावरून जायचा आणि फुटायचा. पाणी ह्यांच्या झाडांत शिरायचं. शालिकराम रोज घरी येऊन चिडायचा की ताण मोडून राहिला माह्या. "मी म्हणो, शेजारी आहे, जाऊ द्या. ताई, मीच म्हणो," ती म्हणाली, आणि त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

धोंडबा आता काटोलला लेकीकडे राहत होता. आम्ही तिघी एसटीने गेलो. म्हातारा अंगणात बाजेवर बसला होता, डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. लेक म्हणाली, "बाबा, नागपूरहून पाहुणे आले."

"कोण?"

"मी मैना, शालिकरामची बायको."

त्याने पाय बाजेवर घेतले. मैनाबाई खाली बसली. कागद तिने काढलाच नाही.

"धोंडबा, मी पोलीस नाही, तुले काही करणार नाही. एकच गोष्ट विचारतो. ते मोटर चालू करायले गेले होते का बंद करायले?"

 लेक आत चहा ठेवत होती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

"बंद करायले," धोंडबा म्हणाला.

मग त्याला थांबवणं कठीण झालं. पाट फुटला होता, शालिकराम धावत आला, वामनरावची मोटर बंद करू लागला. वामनरावाने हात धरला, शिवीगाळ झाली. शालिकराम बटणाकडे वळला तसा वामनरावाने मागून फावड्याचा दांडा घातला आणि पडलेल्याला विहिरीत लोटलं. "मी त्याच्याच जागेत राहो बाई. म्हणे, बोललास तर लेकरं घेऊन रस्त्यावर जाशीन. साहेबानं कागद पुढं केला, म्या अंगठा देला. काय लिवलं ते मले कोणी वाचून नाही दाखवलं."

"आता सांगशीन?"

"आता काय घेते तो माह्यं? सांगतो."

चौकशी पुन्हा उघडली, तेव्हा त्याने न्यायाधीशांपुढे तेच सांगितलं. वामनरावला अटक झाली. खटल्यात त्याच्या वकिलाने तेवीस वर्षं गप्प का होतास म्हणून धोंडबाला फार छळलं. पण मे महिन्यात मृगबहाराच्या बागेला पाणी कोण देतो, ह्याचं उत्तर वामनराव देऊ शकला नाही. मागच्या वर्षी जन्मठेप झाली. गावात लोक म्हणाले, एवढ्या म्हाताऱ्याला कशाला. मैनाबाईने ते ऐकून घेतलं.

निकालाच्या दिवशी संजीव कोर्टात आला होता. साठीला टेकलेला माणूस, गर्दीतही आमच्यापासून दूर, भिंतीशी उभा. मैनाबाई त्याच्यापाशी गेली.

"भाऊजी, घरी चला."

"आत येऊ, का फाटकापाशी बसू?"

"आत."

घरी येऊन तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला. चारुशीलाने काकाला पाणी दिलं. मी उठायला लागले तर मैनाबाईने माझा पदर धरला.

"वहिनी, एक विचारतो," तो म्हणाला. "तुमाले खरंच वाटे, म्या दादाले मारलं?"

तिला नाही म्हणता आलं असतं.

"हो. तेवीस वर्षं."

त्याने मान हलवली. "मले तुमच्यावर संशय होता."

चारुशीला स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"मी पिशवी घेऊन येवो ते पाहाले येवो," संजीव म्हणाला. "तुमी कोणाच्या सोबत राहता, कशा राहता. तेरावं झाल्या झाल्या गाव सोडून पळाल्या, काहून पळाल्या? वामनराव म्हणे, तुह्या वहिनीचं मन आधीपासूनच इथं नव्हतं."

"मले वामनराव म्हणे, तुमीच म्हणत होते की भाऊ मेला तर बाग माही," मैनाबाई म्हणाली.

"म्या कधी म्हटलं?"

"आणखी काय म्हणे तो तुमाले?" मैनाबाईने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "पहिल्यापासून सांगा. मीही सांगतो."

मग दोघं बसले. कोणत्या वर्षी वामनराव नागपूरला येऊन काय बोलला, परत जाऊन गावात काय बोलला, एकेक जुळवत. दिवेलागण झाली तरी संपलं नव्हतं.