येसकराची काठी

अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांनी कॉलेज बंद पाडून आपल्या लोकांचा इतिहास शिकवायला लावला, हे आम्ही एका सायक्लोस्टाईल पत्रकात वाचलं आणि नगरच्या आमच्या कॉलेजात तोच हट्ट धरला. आमच्या पुस्तकांत गड होते, त्यांच्या वेशी राखणारे आमचे आजे-पणजे नव्हते. पत्रकं वाटली, घोषणा दिल्या. शेवटी प्राचार्य म्हणाले, "एक रविवार देतो. वर्ग जमला तर पुढं चालू ठेवू, नाहीतर विषय संपला."

पहिल्या तासाला बोलायला माझे वडील, आमचे दादा, येणार होते. खर्ड्याकडच्या आमच्या गावात ते येसकर होते. गावाची राखण करायची आणि संध्याकाळी घुंगरांची काठी वाजवत दारोदार भाकर मागायची, हे त्यांचं काम. धर्मांतर केलं तेव्हा त्यांनी ती काठी चुलीत घातली. गावानं मजुरी बंद केली. वस्तीनं रानातला पाला उकडून दिवस काढले, पण भाकर मागितली नाही. हे त्यांना सांगायचं होतं. मी आणायला गेलो, तेव्हा ते आईसमोर तालीमच करत होते.

आई म्हणाली, "घरात तोंड उघडत न्हाई, आन् आता पोरान्ला शिकवनार व्हय?"

"पोरान्ला न्हाई, मास्तरान्ला शिकवनार हाय."

रविवारी खोली भरली. आमच्यासाठी प्राचार्यांशी भांडलेल्या प्राध्यापकांनी दादांची ओळख करून दिली आणि टेबलाखालून घुंगरांची एक काठी काढली. कुठल्याशा गावाहून खटपट करून आणली होती.

"बाबा, भाकरीची ती हाक एकदा देऊन दाखवा. म्हणजे मुलांना खरा इतिहास कळेल."

मागून कुणीतरी ओरडलं, "होऊन जाऊ द्या, मामा!" टाळ्या पडल्या.

दादांनी काठीला हात लावला नाही. "सायेब, ही मी जाळलीया."

"हो, तेही सांगा. पण आधी हाक."

"आधी हाक दिली तर म्होरलं कोन ऐकनार?" एवढं बोलून ते खाली उतरले आणि चालू लागले.

"हा तमाशा नाही, वर्ग आहे!" मी ओरडलो. तोवर निम्मी पोरं उठली होती. दाराशी उभ्या प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. "वक्ताच गेला. विषय संपला."

एसटी स्टँडवर मी म्हणालो, "दादा, मला सांगा. मी लिहितो, पत्रक काढतो."

"तुला म्हाईत हाय की. ज्यान्ला म्हाईत न्हाई, त्यान्ला सांगायचं हुतं."

जामखेडची गाडी लागली. ते चढले.

वर्ग पुन्हा मिळावा म्हणून आमची पत्रकं चालूच आहेत. दादा मात्र काठी जाळली त्या दिवसांबद्दल आता कुणापाशी बोलत नाहीत. परवा आईनं मुद्दाम चिडवून पाहिलं, "मास्तर, तास कवा हाय?"

ते ताटावरून उठून बाहेर गेले.