‘ह्यांच्या’साठी एक गाणं
संत्रा बर्फीचा डबा उघडला, की मला आमच्या सक्करदऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकू येतो. तेव्हा शहरात एफएम नवीन होतं आणि फर्माइशीच्या कार्यक्रमाला कोणाचा फोन म्हणून लागत नसे. थंडीतल्या एका संध्याकाळी आईचा लागला. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि बाबा सकाळी काही न बोलताच हिंगण्याच्या कंपनीत निघून गेले होते. निवेदिकेनं विचारलं, "कोणासाठी लावू गाणं? नाव सांगा न ताई." आईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पदर सावरत ती म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासाठी. लग्नाचा वाढदिवस आहे न आज. हिंगण्याहून कंपनीच्या बसनं घरी येऊन राहिले असतील आता." निवेदिकेनं हसत तसंच सांगून टाकलं, की हिंगण्याहून बसनं निघालेल्या ‘ह्यांना’ लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! बसमध्ये रेडिओ सुरूच होता. बाबा आले ते बर्फीचा डबा घेऊन, आणि दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "फोन तूच केला होता न वं? बसमध्ये कोणालेच आपापल्या लग्नाची तारीख आठवे ना. ड्रायव्हरनं दुकानापाशी गाडीच थांबवली." तेवढ्यात शेजारची काकू आली. तिचा नवराही त्याच बसनं यायचा, आणि तिच्या हातात तसाच डबा होता. "काहून वं, आमचं लग्न तर मे महिन्यातलं, अन् ह्यांनी आज बर्फी काहून आणली?" आई तोंडाला पदर लावून हसत राहिली. माझी बायको मला नावानंच हाक मारते. तरी गाडीत रेडिओवर कोणी नुसतं ‘ह्यांच्यासाठी’ म्हटलं, की मी आधी तारीख आठवतो, आणि मिठाईच्या दुकानापाशी गाडी हळू करतो.