वाळूत न रुतणारं चाक

मिठबावच्या किनाऱ्यावर रापण लागली की काशीबाईचे हात शिवशिवतात. होडी समुद्रात अर्धा फेर घेऊन जाळं सोडते, जाळ्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्याला येतात आणि माणसं दोन रांगांनी त्या ओढतात. तिथे एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण कुणी मोडलेलीही नाही. ज्याचा हात दोरीला लागला, त्याला मासळीचा वाटा. मग तो गावचा असो की वाटेने जाणारा पाहुणा. नवरा गेल्यापासून वीस वर्षं, उजव्या दोरीवरची त्याची तिसरी जागा काशीबाईने धरली होती.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. घरापासून किनारा हाकेच्या अंतरावर, पण मधे वाळू. कुबडी टेकली की हातभर आत जाते. रापणीचा तांडेल गुरुदास, म्हणजे सगळ्या ओढणाऱ्यांचा म्होरक्या, स्वतः पिशवी घेऊन दारात आला.

"काकी, तू आता खंय येतंस. तुजो वाटो मी घराक पोचवतलंय."

"हात न लावता वाटो?"

"गाव काय परको आसा?"

"पाय गेलो माजो, गुरुदासा. हात दोनय आसत. ती पिशवी उचल."

पिशवीतले बांगडे चांगले चमकत होते. त्या दिवशी काशीबाईने नुसती पेज आणि खारातली कैरी खाल्ली. घासागणिक राग येत होता. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

मग कुठल्याशा सरकारी योजनेचं शिबिर झालं आणि तिला चाकांची खुर्ची मिळाली. फोटो निघाला. फोटोत काशीबाई एक आणि मागे उभी माणसं अकरा. खुर्ची डांबरी रस्त्यावर लोण्यासारखी चालली आणि रस्ता संपला तिथे मेली. पुढची चाकं करवंटीएवढी, ती वाळूत गडप. मागची मोठी होती, पण बोटभर रुंद.

"रस्त्यार माजा काय काम?" ती म्हणाली. "रस्त्यार मासे येतत?"

शेजारचा बाबली मेस्त्री हे ऐकत होता. गाडीची चाकं करणाऱ्या घराण्यातला तो शेवटचा. बैलगाड्या गेल्या, आता तो दारं-खिडक्या करतो. त्याचा हात चाकाला आसुसलेलाच होता. तीन आठवडे खपून त्याने दोन देखणी चाकं केली. मधे बारा-बारा आरे, कडेवर लोखंडी पट्टीची धाव. वाळूवर ठेवली आणि ती कोयत्यासारखी आत गेली.

काशीबाईने किनाऱ्याकडे पाहिलं. तिथे होडी वर घेत होते.

"बाबल्या, होडी कशार वर येता रे?"

"ओंडक्यार."

"ओंडको रुतता?"

"नाय."

"मगे?"

बाबलीचा चेहरा पडला. "आज्यान माका आरे बसवूक शिकवल्यान, वयनी. आणि तू माका ओंडको कापूक सांगतंस."

"तुजो आजो रस्त्यार चलायचो. माका रेवेत जावचा आसा."

माणूस आधी ओंडक्यावरूनच ओझं सरकवायला शिकला. मग त्याने ओंडका कापून चाक केलं, चाक कोरून आरे केले, आऱ्यांवर रबर चढवलं. चाक बारीक होत गेलं, हलकं होत गेलं, आणि ज्याच्या दारात रस्ता त्याचं झालं. वाळूवरच्या माणसाकडे त्यानंतर कुणी वळून बघितलंच नाही.

बाबलीने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची दोन भरीव चाकं केली, दीड वीत रुंद. ती खुर्चीला बसवली, आणि पुढच्या चाकांच्या जागी एक आडवा रूळ. काशीबाई त्या खुर्चीतून किनाऱ्यावर गेली. गुरुदास दोरीवर हातभर मागे सरकला, आणि तिसरी जागा मोकळी झाली.

चार महिन्यांनी योजनेच्या कचेरीतून तपासणीला साहेब आले.

"मूळ चाकं कुठे आहेत?"

"खाटेखाली," काशीबाई कचेरीतल्या मराठीत म्हणाली. "पुसून ठेवली आहेत."

"हा शासकीय वस्तूत फेरफार आहे, बाई. मूळ चाकं लावा, नाहीतर खुर्ची जमा करावी लागेल."

तिने बाबलीला हाक मारून मूळ चाकं लावून घेतली, खुर्चीत बसली आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "ढकला, साहेब. त्या दोरीपर्यंत."

साहेबांनी ढकललं. सहा पावलांवर खुर्ची वाळूत रुतली. बुटांत वाळू, शर्ट घामाने चिकटलेला.

"नियमात वाळूचा उल्लेख नाही," ते म्हणाले.

काशीबाईचा आवाज चढला नाही. "मग घेऊन जा खुर्ची. पण कागदावर लिहा, चारही चाकं जशी दिली तशी परत मिळाली. आणि त्याखाली लिहा, लाभार्थी वाळूवर राहते."

"ते लिहिता येत नाही."

"मग माझी सही नाही."

ऊन डोक्यावर येईपर्यंत साहेब उभे राहिले. शेवटी लिहिलं. तिने अक्षर अक्षर वाचून सही केली. खुर्ची जीपमधे चढली. जाता जाता साहेबांनी किनाऱ्याकडे पाहिलं. जाळं जवळ आलं होतं.

"ताजे बांगडे मिळतील का?"

"दोरीक हात लावा," काशीबाई म्हणाली. "वाटो गावतलो."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं आणि ते जीपमधे बसले.

दुसऱ्या दिवशी बाबलीने आपल्या पडवीतल्या लाकडी खुर्चीचे पाय कापले आणि तिला ती रुंद चाकं लावली. रापणीची सगळी माणसं बघत होती. काशीबाई तिसऱ्या जागी आली, ओली दोरी तिने मुठीत घेतली आणि तळवे जळेपर्यंत आवळली.

"वयनी," बाबली मागून म्हणाला, "माजी खुर्ची गेली. आता मी बसू खंय?"

"बसतंस कित्याक?" ती मागे न बघता म्हणाली. "ओढ."